गोगलगाईचं वीजबिल

खोलीत कुणी नसेल तर दिवा घालवायचा,
एवढा एकच धर्म मी इस्लामपुराहून स्विंडनला आणला.
बाकीची व्रतं सामानाच्या वजनात बसली नाहीत.

बत्तीस वर्षं कौन्सिलच्या हिशेबखात्यात
दुसऱ्यांचे पेन्स मोजले. आता स्वतःचे मोजते.
स्वयंपाकघराच्या खिडकीत
वीजकंपनीने दिलेला चिमुकला पडदा आहे.
किटली लावली की लाल होतो,
चहा गाळेपर्यंत विसरतो.

ऑक्टोबरपासून रात्रीचा तो विसरेना.
दोनला पाणी प्यायला उठले:
सगळं घर बंद,
आकडा जागा.

वर गेले. भाडेकरूच्या दाराखालून निळा उजेड,
आणि पंख्याचा आवाज, जसा कुणी झोपेत
श्वास सोडतच राहावा,
घ्यायचा विसरून.
गेथिन तर गोदामात, रात्रपाळीला.
मग आत कोण बसलंय माझी वीज पीत?

सकाळी विचारलं.
ओल्या बुटांनिशी जिन्यातच थांबून तो म्हणाला,
"गोगलगाय, मिसेस कोरे."

सात मिनिटांचा सिनेमा करतोय पोरगा.
एक गोगलगाय कोबीचं पान ओलांडते,
बस्स, एवढीच गोष्ट.
पण प्रत्येक चित्र मशीन बसून रंगवतं:
थेंबावरचा उजेड, पानामागून झिरपलेला उजेड,
शिंगाच्या टोकाशी डोळा असतो, त्यातला उजेड.
एका चित्राला चाळीस मिनिटं.
चोवीस चित्रांचा एक सेकंद.

मी ग्रंथालयातून वॅट मोजायचं यंत्र आणलं
(पुस्तकासारखंच, तीन आठवड्यांच्या बोलीवर)
आणि त्याच्या प्लगला लावलं.
कॉम्प्युटर नुसता चालू: पासष्ट वॅट.
झोपलेला: दोन.
गोगलगाय चालताना: दोनशे ऐंशी.
नऊ तास, अडीच युनिट, त्रेसष्ट पेन्स.
आणि त्रेसष्ट पेन्सांत, अख्ख्या रात्रीत,
अर्धा सेकंद गोगलगाय.

हातचा चुकला असेल म्हणून पुन्हा मांडलं.
नव्हता चुकला.

उधळपट्टी मी पुष्कळ पाहिलीय.
कौन्सिलने एकदा कारंजं बांधलं, पाण्याची जोडणी न करता.
पण इतकी काटकसरीने केलेली उधळपट्टी
माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना.
(त्याने तेच यंत्र माझ्या किटलीला लावून पाहिलं.
त्याबद्दल इथे लिहीत नाही.)

ठरलं मग. फ्रिजवर बिस्किटांचा रिकामा डबा,
त्यात तो रोजचे त्रेसष्ट टाकतो,
कधी पासष्ट, "दोन तिच्या झोपेचे."
मी वहीत लिहिते.
आणि लिहिता लिहिता, उगीच, विचारते:
कुठवर आली?
नाताळात ती पानाच्या कडेला होती.
संक्रांतीला म्हणाला, एका भोकापाशी थांबलीय,
आत डोकावतेय.
मी तिळाची वडी दिली. डोकावण्याचे किती सेकंद
ते मात्र विचारलं नाही.

फेब्रुवारीत वादळ आलं. सव्वातीनला वीज गेली.
मला जाग आली ती आवाजाने नव्हे,
आवाज गेल्याने.
टॉर्च घेऊन वर गेले. काळ्या पडद्यात
टॉर्च आणि मी.
कुठलं बटण, काही ठाऊक नव्हतं.
हात न लावता त्याच्या खुर्चीत बसून राहिले.
मधल्या शिरेवर असणार ती आत्ता,
पोटाची कड अर्धी उचललेली.

तासाभराने गल्लीतले दिवे आले.
फ्रिज गुरगुरला, खालचा आकडा परतला.
ती नाही आली.

सकाळी गेथिन हसला. "अहो, मागचं सगळं
जपून ठेवतं ते. हातात होतं तेवढं एकच चित्र गेलं."
एक चित्र, म्हणजे फार तर पाच पेन्स.

वहीत मांडलं: वादळ, एक चित्र, पाच पेन्स.
आधी त्याच्या नावावर.
मग खोडून माझ्या.

यंत्र परत करायचं राहूनच गेलंय.
त्याचा दंडही त्याच रकान्यात.